कळतं, पण बोलता येत नाही: बोलणं आणि समजणं यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलणं आणि दुसऱ्याचं बोललेलं समजणं ही मेंदूतली एकच यंत्रणा की दोन वेगळ्या?

सोयीचं उत्तर 'दोन' असं आहे आणि शंभरेक वर्षं तेच चाललं. आज बहुतेक अभ्यासक असं म्हणतील की शब्दांचा साठा, त्यांचे अर्थ, वाक्य जुळवण्याचे नियम हे बऱ्याच अंशी सामाईक आहेत. वेगळी आहे ती जाण्यायेण्याची दिशा. 'भाकरी' हा शब्द कानावर पडला की आवाजाकडून अर्थाकडे जायचं असतं. भाकरी मागायची असेल तर अर्थाकडून आवाजाकडे, आणि तिथून जीभ, ओठ, स्वरयंत्र यांच्या हालचालींकडे.

या दोन दिशांना मेहनत मात्र सारखी पडत नाही. ऐकताना एखादा शब्द अर्धवट कळला तरी प्रसंग, चेहरा, पुढचं वाक्य सांभाळून घेतं. बोलताना अर्धवट चालत नाही. प्रत्येक ध्वनी, प्रत्येक प्रत्यय ठरवावाच लागतो, तोही सेकंदाला दोन-तीन शब्दांच्या वेगाने. म्हणून बाळांमध्ये, नवी भाषा शिकणाऱ्यांमध्ये आणि पुष्कळदा आजारपणातही समजणं बोलण्याच्या पुढे असतं.

माझ्या मते खालच्या निम्म्याहून जास्त प्रश्नांच्या मुळाशी एकच गफलत आहे, ती म्हणजे एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणं. बोलत नाही म्हणजे कळत नसेल, किंवा इतकं घडाघडा बोलतो म्हणजे कळत असणारच. दोन्ही अंदाज फसतात.

ब्रोकाचं केंद्र बोलण्याचं, वेर्निकेचं समजण्याचं, असं पुस्तकात शिकलो होतो. ते चुकीचं आहे का?

अर्धं बरोबर आहे, आणि परीक्षेत लिहायला उत्तम आहे.

१८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा रुग्ण पॉल ब्रोका या शल्यविशारदाकडे आला. एकवीस वर्षं तो त्याच रुग्णालयात होता आणि त्याच्या तोंडून 'तां' एवढाच ध्वनी निघायचा, बहुधा दोनदा: 'तां, तां'. फार चिडला तर एखादी शिवी यायची. पण विचारलेलं त्याला बरंच कळत होतं. इथे किती वर्षं आहेस असं विचारल्यावर त्याने चार वेळा पंजा उघडून दाखवला आणि वर एक बोट. काही दिवसांत तो वारला. ब्रोकाने मेंदू पाहिला तर डाव्या बाजूच्या पुढच्या भागात, खालच्या अंगाला मोठी इजा होती. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या अवघ्या सव्वीस वर्षांच्या जर्मन डॉक्टरने उलट प्रकारचे रुग्ण मांडले. त्यांची इजा कानामागच्या बाजूला, मेंदूच्या डाव्या कडेच्या भागात होती. बोलणं अस्खलित, पण समजणं ढासळलेलं. पुढे बोलणं, मागे समजणं, मध्ये जोडणारा तंतूंचा जुडगा: चित्र तयार झालं.

चित्रातली पहिली अडचण वेर्निकेच्याच रुग्णांत होती. त्यांना समजत नव्हतं हे खरं, पण त्यांचं बोलणंही बिघडलेलं होतं. वाक्यं भराभर येत, त्यात शब्द चुकीचे, कधी कुठल्याच भाषेत नसलेले. 'समजण्याचं' केंद्र जर फक्त समजण्याचं असेल, तर त्याला इजा झाल्यावर बोलणं का बिघडावं? वेर्निकेला हे दिसलं होतं. शब्दाचा ऐकीव ठसा बोलताना आतून वळण देत असतो, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे पाठ्यपुस्तकात त्याच्या नावावर जी भिंत खपते, ती त्याने स्वतः इतकी पक्की बांधलीच नव्हती.

दुसरी अडचण पुढच्या, म्हणजे ब्रोकाच्या केंद्राची. १९७६ मध्ये काराम्झा आणि झुरिफ या संशोधकांनी ब्रोका-प्रकारच्या रुग्णांना वाक्यं ऐकवून चित्रं निवडायला सांगितली. अर्थावरून उकल होणारी वाक्यं त्यांना जमली. जिथे कोणी कोणाला काय केलं हे केवळ वाक्यरचनेवरूनच ठरतं, तिथे ते गोंधळले. मराठीत उदाहरण बनवायचं तर 'मुलाने खाल्लेला आंबा पिकलेला होता' हे सोपं, कारण आंबा मुलाला खात नाही. 'ज्या माकडाला अस्वलाने घाबरवलं ते काळं होतं' इथे मात्र प्रत्यय नीट धरले नाहीत तर अर्थ निसटतो. म्हणजे 'बोलण्याचं' केंद्र समजण्यातही राबत होतं.

आणि तिसरी: लबोर्न्यचा मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलेला आहे. २००७ मध्ये त्याचं एमआरआय काढलं, तेव्हा इजा ब्रोकाला वरून दिसली त्यापेक्षा बरीच खोल गेलेली आढळली. एका छोट्या ठिपक्यावर सगळं बोलणं टांगून ठेवणं आता कोणी करत नाही.

मग आताचं चित्र काय आहे?

सध्या सर्वांत जास्त वापरात असलेली मांडणी ग्रेगरी हिकॉक आणि डेव्हिड पोपल यांची. २००० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी ती विकसित केली. ऐकलेला आवाज मेंदूच्या श्रवणभागातून दोन प्रवाहांनी पुढे जातो. खालचा प्रवाह अर्थाकडे जातो. वरचा प्रवाह आवाजाला तोंडाच्या हालचालींशी जोडतो. नवीन शब्द ऐकून लगेच म्हणून बघणं, समोरच्याची लकब उचलणं, फोन नंबर पुटपुटत राहणं, ही वरच्या प्रवाहाची कामं.

हा वरचा प्रवाह बिघडला की एक चमत्कारिक अवस्था दिसते. माणसाला समजतं, तो बोलतोही बऱ्यापैकी, पण 'मी म्हणतो ते तसंच म्हणा' असं सांगितलं की अडतो. शब्द लांब असेल तर दोन-तीनदा सुधारत सुधारत जवळपास पोचतो. अशी अवस्था असायला हवी हे वेर्निकेने केवळ तर्काने आधीच सांगून ठेवलं होतं.

बाबांना स्ट्रोक आला. बोलता येत नाही, पण सगळं कळतं असं आम्हाला वाटतं. खरंच कळतं का?

बहुधा बरंच कळतं. 'सगळं' मात्र तपासून बघावं. घरच्यांची फसगत का होते ते सांगतो. 'चला, जेवायला' असं म्हणताना आपण हात पुढे केलेला असतो, ताट वाढलेलं असतं, घड्याळात एक वाजलेला असतो. शब्द एकही कळला नाही तरी माणूस उठून येईल. कळण्याचा अंदाज घ्यायचा तर हातवारे न करता, तिकडे न बघता विचारा: 'खिडकी कुठे आहे?' मग जरा लांब: 'आधी चष्म्याला हात लावा, मग उशीला.' हो-नाहीचे प्रश्न विचारताना ज्यांचं खरं उत्तर 'नाही' आहे असेही मध्ये घाला, कारण काही रुग्ण सगळ्यालाच मान हलवतात. काहींची तर 'हो' आणि 'नाही' यांतच अदलाबदल होते. मनात नाही असतं, तोंडून हो जातं.

ही झाली घरगुती चाचपणी. नीट तपासणी स्पीच थेरपिस्टकडूनच करून घ्यावी. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालयाचा विभाग, कर्नाटकात म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था ही या कामाची जुनी ठिकाणं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत आता स्पीच थेरपिस्ट बहुधा असतात.

एक गोष्ट मात्र तपासणीची वाट न बघता पाळता येते. त्यांच्यासमोर, त्यांच्याविषयी, 'यांना आता काही कळत नाही' असं कोणालाही बोलू देऊ नका. वाचाघात, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा बिघडणं, हे बुद्धी जाणं नव्हे. व्यवहार, नाती, पैशाचं गणित, कोणावर किती विश्वास ठेवायचा हे सगळं शाबूत असू शकतं आणि तरी 'पाणी' हा शब्द सापडत नाही.

उलटा प्रकारही असतो का? बोलतो छान, पण समजत नाही?

असतो, आणि तो ओळखायला जास्त वेळ लागतो. अशा रुग्णाचं बोलणं ओघवतं असतं, चढउतार नेहमीचेच, वाक्याच्या शेवटी 'आहे', 'होतं' नीट लागलेलं. फक्त त्यातून अर्थ निघत नाही. घरच्यांना आधी वाटतं की म्हातारपणाचा भ्रम आहे, किंवा मानसिक काहीतरी झालंय. रुग्णाला स्वतःची चूक पुष्कळदा कळत नाही, कारण आपण काय बोललो हे तपासणारी यंत्रणा आणि दुसऱ्याचं समजणारी यंत्रणा बऱ्याच प्रमाणात एकच आहे. त्यामुळे समोरच्याला कळत नाही म्हणून तो चिडतो. त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो.

आईला 'पाणी' म्हणता येत नाही, पण आरती अख्खी म्हणते. नाटक करते का?

अजिबात नाही. हा प्रश्न रागाने विचारला जातो म्हणून इथे मुद्दाम घेतला.

एक ते दहा आकडे, वार, पाढे, आरती, रामरक्षा, 'अगं बाई', शिव्या हे सगळं इतक्या वेळा म्हटलेलं असतं की ते एका लांब साखळीसारखं साठवलेलं असतं. पहिली कडी हातात आली की बाकीच्या ओढल्या जातात. 'पाणी' मागताना साखळी नसते. गरजेपासून सुरुवात करून शब्द निवडावा लागतो, त्याचे ध्वनी जमवावे लागतात. दोन्हीला तोंड एकच वापरलं जातं, पण आतली वाट वेगळी. लबोर्न्यची शिवी अशीच निघत होती.

या गोष्टीचा उपचारात उपयोग करून बघितला गेला. १९७३ च्या सुमारास बॉस्टनच्या थेरपिस्टांनी नेहमी लागणारी छोटी वाक्यं सुरात, डाव्या हाताने ताल धरत म्हणवून घ्यायची पद्धत बसवली. फायदा सुराचा, तालाचा की घोकून झालेल्या वाक्यांचा, यावर अजून वाद आहे. आरती येते म्हणजे उद्यापासून बोलणं येईल, अशी आशा मात्र धरू नये. आरतीमधून 'पाणी' आपोआप सुटून येत नाही. त्याचा वेगळा सराव लागतो.

दुसऱ्याचं बोलणं ऐकताना आपण आतल्या आत तेच बोलत असतो का?

या प्रश्नावर साठ वर्षं भांडण चालू आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या हास्किन्स प्रयोगशाळेत झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे अंधांसाठी वाचून दाखवणारं यंत्र बनवायचं चाललं होतं. अल्विन लिबरमन आणि सहकाऱ्यांनी बोलण्याचे आवाज कागदावर उमटवून पाहिले, तेव्हा त्यांना धक्का बसला. 'डी'मधला ड आणि 'डू'मधला ड यांचे आवाज यंत्राला पार वेगळे दिसत होते, माणसाला मात्र दोन्हीकडे ड-च ऐकू येत होता. समान काय होतं? जिभेची हालचाल. म्हणून त्यांनी मांडलं की आपण आवाज ओळखत नाही, तो आवाज काढणारी हालचाल ओळखतो. म्हणजे ऐकणं हे बोलण्याच्याच यंत्रणेतून होतं.

कल्पना देखणी आहे, पण तिला दोन मोठे तडे गेले. १९६२ मध्ये एरिक लेनेबर्गने आठ वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. जन्मापासून त्याला शब्द उच्चारताच येत नव्हते, तरी इंग्रजीतल्या गुंतागुंतीच्या सूचना तो नीट समजत होता. बोलूनच समजता येत असतं तर हे घडायला नको होतं. आणि १९७५ मध्ये पॅट्रिशिया कुल आणि जेम्स मिलर यांनी चिंचिला या दक्षिण अमेरिकेतल्या उंदरासारख्या प्राण्याला ड आणि ट ओळखायला शिकवलं. त्याने सीमारेषा जवळजवळ तिथेच ओढली जिथे इंग्रजी बोलणारी माणसं ओढतात. चिंचिला काही बोलत नाही.

तरीही कल्पना पूर्ण मेली नाही. २००९ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी डोक्यावरून चुंबकीय स्पंदन देऊन मेंदूतला ओठांचा भाग जरा चेतवला. गोंगाटातून प आणि ब ओळखणं सुधारलं. जिभेचा भाग चेतवला तर ट आणि ड सुधारले. म्हणजे तोंड चालवणारा मेंदू ऐकताना गप्प बसत नाही. तो मदत करतो, विशेषतः आवाज अस्पष्ट असेल तेव्हा. त्याच्याशिवाय ऐकू येत नाही, एवढं मात्र खरं नाही. मधल्या काळात मिरर न्यूरॉनच्या (स्वतः हालचाल करताना आणि दुसऱ्याची बघतानाही चेतणाऱ्या मेंदूपेशींच्या) नावाने जे मोठमोठे दावे झाले, त्यांतले बरेच या साध्या फरकाकडे दुर्लक्ष करून केलेले होते.

ओठ बघितल्यावर जास्त ऐकू येतं असं आजोबा म्हणतात. भास आहे का?

नाही. चष्मा लावल्यावर नीट ऐकू येतं असं म्हणणारे आजोबा बरोबर आहेत. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी एक चित्रफीत बनवली. आवाज 'बा'चा, ओठ 'गा'चे. बघणाऱ्या बहुतेक प्रौढांना 'डा' ऐकू आला. डोळे मिटले की पुन्हा 'बा'. हे माहीत असूनही भास जात नाही. कोविडच्या काळात मास्क लावून बोलणाऱ्या डॉक्टरचं अर्धं निसटत होतं ते काही फक्त आवाज दबल्यामुळे नव्हे.

समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपण बोलायला लागतो. हा फक्त उतावीळपणा का?

उतावीळपणा असेलही, पण यंत्रणाच तशी आहे. एखादं साधं चित्र बघून त्याचं नाव तोंडातून निघायला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. संभाषणात मात्र एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. २००९ मध्ये दहा भाषांमधली संभाषणं मोजली, तेव्हा भाषांनुसार थोडा फरक होता, पण सगळ्या याच घरात होत्या. हिशोब जमायचा तर एकच मार्ग उरतो. समोरचा बोलत असतानाच आपण त्याचा शेवट ताडतो आणि आपलं वाक्य जुळवायला घेतो. ऐकणं आणि बोलणं या दोन पाळ्या नसून एकमेकांवर चढलेली कामं आहेत.

मार्टिन पिकरिंग आणि सायमन गॅरड यांनी २०१३ मध्ये यावरूनच पुढची मांडणी केली: समोरच्याच्या पुढच्या शब्दाचा अंदाज आपण आपल्या बोलण्याच्याच यंत्रणेने बांधतो, मी असतो तर काय म्हणालो असतो, या पद्धतीने. मला ही मांडणी पटते, निदान जुन्या नवरा-बायकोंच्या बाबतीत. कारण अनोळखी माणसाचं वाक्य आपण इतक्या बिनचूक पुरं करू शकत नाही.

बोलताना आपण स्वतःचं ऐकतो का?

सतत, आणि दोन ठिकाणी: तोंडातून निघाल्यावर आणि निघायच्या आधी.

निघाल्यावरचं सिद्ध करणं सोपं. १९५० मध्ये बर्नार्ड ली या संशोधकाने लोकांना त्यांचाच आवाज थोडा उशिरा, हेडफोनमधून ऐकवला. उशीर २०० मिलिसेकंदांच्या आसपास असला की चांगला बोलणाराही अडखळतो, स्वर लांबवतो, ततपप करतो. फोनवर आपला प्रतिध्वनी आला की होतं ते हेच. गंमत म्हणजे तोतरं बोलणाऱ्या काहींना असाच उशीर दिला तर त्यांचं बोलणं सुधारतं. लग्नाच्या हॉलमध्ये बँड सुरू झाला की आपण नकळत आवाज चढवतो, तेही स्वतःला ऐकण्यामुळेच. एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच कानतज्ज्ञाने ते १९११ मध्ये नोंदवलं.

निघायच्या आधीचं जास्त मजेदार आहे. 'पोळी-भाजी' म्हणायला जावं आणि 'भोळी-पाजी' निघावं, अशी आद्याक्षरांची अदलाबदल सगळ्यांची होते. १९७५ मध्ये बार्स, मॉटली आणि मकाय यांनी प्रयोगशाळेत अशा चुका मुद्दाम घडवून आणल्या. ज्या अदलाबदलीतून खरे शब्द तयार होतात त्या जास्त घडल्या. ज्यातून निरर्थक ध्वनी निघणार होते त्या कमी. म्हणजे तोंड उघडायच्या आत कोणीतरी मसुदा वाचत होतं आणि अगदीच भलतं दिसलं तर अडवत होतं. 'भोळी' आणि 'पाजी' हे दोन्ही खरे शब्द असल्यामुळे बिचारे सुटले. विलेम लेव्हेल्ट या डच भाषा-मानसशास्त्रज्ञाच्या मते हा पहारेकरी म्हणजे आपली नेहमीची समजून घेण्याचीच यंत्रणा, आतल्या बाजूला वळवलेली. काहींना ते पटत नाही. बोलण्याच्या यंत्रणेतच तपासणी अंगभूत आहे असं ते म्हणतात.

रेकॉर्डिंगमधला स्वतःचा आवाज इतका परका का वाटतो?

बोलताना आपला आवाज हवेतून कानात येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो आणि हाडं खालचे सूर जास्त पोचवतात. रेकॉर्डिंगमध्ये ते नसतात, म्हणून आवाज पातळ वाटतो. शिवाय स्वतः बोलत असताना मेंदू स्वतःच्या आवाजाला दिला जाणारा प्रतिसाद थोडा दाबून टाकतो, कारण काय ऐकू येणार हे त्याला आधीच माहीत असतं.

बाळाला सगळं कळतं, पण बोलत नाही. काळजी करावी का?

कळतंय हा चांगला भाग आहे. साधारण पन्नास शब्द समजण्याचा टप्पा मुलं वर्षाच्या थोडं पुढे गाठतात. पन्नास शब्द बोलण्याचा टप्पा दीड वर्षाच्या आसपास येतो. मधले काही महिने 'पंखा कुठाय?' म्हटल्यावर वर बघणारं आणि तोंडाने फक्त 'बा' म्हणणारं बाळ हे अगदी नेहमीचं आहे.

उच्चारांचंही तसंच. 'काका'ला 'ताता' म्हणणाऱ्या पोराला तुम्ही मुद्दाम 'ताता' म्हणून दाखवा, ते चिडेल. १९६० मध्ये जीन बर्को आणि रॉजर ब्राऊन यांनी अशीच एक नोंद केली. मुलगा प्लास्टिकच्या माशाला 'फिस' म्हणत होता. मोठ्या माणसाने 'हा तुझा फिस का?' असं विचारलं तर 'नाही, माझा फिस!' म्हणून भांडायचा, आणि 'फिश' म्हटल्यावर समाधानाने हो म्हणायचा. कानाला फरक कळत होता, जिभेला जमत नव्हता. म्हणून मुलांशी बोबडं बोलू नये, हा आजीचा नियम मला बरोबर वाटतो.

दाखवायला कधी न्यावं: वर्षाचं झालं तरी हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवणं किंवा टाटा करणं नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, किंवा आधी येणारे शब्द गेले असतील. पहिली तपासणी कानाची, कारण ऐकल्याशिवाय बोलणं घडत नाही. 'त्याचा बापही उशिरा बोलला' हे कारण तपासणी झाल्यावर द्यावं.

परदेशी माणसाला आपले 'त' आणि 'ट' वेगळे का ऐकू येत नाहीत?

कारण त्याच्या कानाने ते बाळपणीच सोडून दिले. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. मराठीतही तीच जोडी आहे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक सहज कळत होता. दहा ते बारा महिन्यांपर्यंत बहुतेकांचा गेला, कारण घरात त्याची गरजच नव्हती.

याच गटाने २०१५ मध्ये केलेला प्रयोग मला सगळ्यांत आवडतो. सहा महिन्यांच्या बाळांच्या तोंडात दात येताना चावायचं खेळणं दिलं. एक प्रकार असा की जिभेचं टोक हलू नये. त्या बाळांना द आणि ड यांतला फरक कळेना. जिभेला मोकळीक देणारं खेळणं दिल्यावर मात्र कळला. या बाळांनी अजून एकही शब्द उच्चारला नव्हता, आणि तरी जीभ अडकली तर कान अडकत होता. वरच्या साठ वर्षांच्या भांडणात लिबरमनच्या बाजूने टाकायला हा चांगला पुरावा आहे.

मोठेपणी हे पुन्हा शिकता येतं, पण कष्टाने. महाराष्ट्रात राहायला आलेल्यांना 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांतले दोन ज आधी ऐकायलाच शिकवावे लागतात. ऐकू न येता जिभेला घोटवून घेतलेला उच्चार फार टिकत नाही.

अमेरिकेतल्या आमच्या नातवंडांना मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीतच देतात. त्यांना मराठी येतं असं म्हणायचं का?

येतं, एका दिशेने. आजीचं ऐकून ऐकून आवाजाकडून अर्थाकडची वाट रोजच्या वापराने रुळलेली आहे. उलटी वाट वापरायची वेळच आली नाही, कारण इंग्रजीत उत्तर दिलं तरी आजीला कळतं आणि लाडू मिळतो. नुसतं आणखी ऐकवून बोलणं येणार नाही. ज्याला खरंच इंग्रजी कळत नाही अशा माणसाशी बोलायची गरज पडली, म्हणजे गावाकडे सुट्टीत दोन महिने चुलत भावंडांत सोडलं, की आतलं मराठी चटकन वर येतं. मात्र पहिले काही दिवस लिंग चुकेल, प्रत्यय चुकतील. तेव्हा हसू नका. हसलात तर पोर पुन्हा इंग्रजीत जाऊन बसेल.

ऐकू न येणाऱ्या, खुणांची भाषा वापरणाऱ्या लोकांत हे सगळं कसं चालतं?

जवळजवळ तसंच, आणि हा फार महत्त्वाचा पुरावा आहे. उर्सुला बेलुगी आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात अमेरिकी खुणांची भाषा बोलणाऱ्या, मेंदूला इजा झालेल्या कर्णबधिर लोकांचा अभ्यास केला. डाव्या मेंदूला इजा झालेल्यांचा खुणांचा वाचाघात झाला होता: कुणाच्या खुणा तुटक, तर कुणाच्या ओघवत्या पण चुकीच्या. हात लुळा नसतानाही. म्हणजे मेंदूतली ही व्यवस्था तोंड-कानाची नसून भाषेची आहे.

मनातल्या मनात बोलणं हे बोलणं की ऐकणं?

दोन्ही. ओटीपी एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर नेताना आपण तो मनात म्हणतो आणि मनातच ऐकतो. त्याच वेळी कोणी 'हो हो हो हो' असं तोंडाने म्हणत राहायला लावलं तर आकडे निसटतात. अॅलन बॅडली यांच्या स्मृतीवरच्या प्रयोगांत हीच युक्ती वापरली जाते.

परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी. आपल्याकडे हे आधीच सांगितलं होतं ना?

काही अंशी. पाचव्या शतकाच्या सुमाराचा वैयाकरण भर्तृहरी वाणीच्या तीन पायऱ्या सांगतो: पश्यंती, मध्यमा, वैखरी. 'परा' नंतरच्या परंपरेत आली. त्याची मध्यमा, म्हणजे क्रम लागलेली पण अजून न उच्चारलेली वाणी, लेव्हेल्टच्या आतल्या मसुद्याशी खूप जुळते. ऐकणाऱ्याला अर्थ तुकड्यातुकड्याने नव्हे तर वाक्यभर एकदम उमगतो, हा त्याचा विचारही ताजा वाटतो. पण त्याचा प्रश्न शब्द आणि ब्रह्म यांचा होता, मिलिसेकंदांचा नव्हता. त्याच्या तोंडी मेंदूविज्ञान घातलं तर दोघांचंही नुकसान होतं.

वाचाघात झालेल्या माणसाशी घरी कसं बोलावं?

टीव्ही बंद करा. समोर बसा, चेहरा दिसू द्या. वाक्य छोटं ठेवा, पण लहान मुलाशी बोलल्यासारखा स्वर नको. ओरडू नका, कान ठीक असतात. 'काय हवं?' यापेक्षा 'चहा की दूध?' सोपं पडतं. विचारल्यावर थांबा, आपल्याला अवघड वाटेल इतकं थांबा. शब्द अडला तर लगेच पुरवू नका. पहिलं अक्षर द्या, चित्र दाखवा, लिहून दाखवा. चुकीचा शब्द आला तरी अर्थ कळला असेल तर पुढे जा. आणि घरात जी भाषा बोलली जायची तीच बोला. उपचार सुरू झाले म्हणून कोल्हापुरी सोडून पुस्तकी मराठी सुरू करायचं कारण नाही.

बोलता बोलता कोणाची जीभ अचानक जड झाली, भलतेच शब्द यायला लागले, तर?

तोंड एका बाजूला वाकडं झालंय का, दोन्ही हात वर केल्यावर एक खाली घसरतो का, साधं वाक्य नीट म्हणता येतं का, हे बघा. यातलं एकही दिसलं तर स्ट्रोक समजून १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि हे तास लक्षण सुरू झाल्यापासून मोजतात. म्हणून शेवटचं नीट कधी बोलले होते, ती वेळ लिहून घ्या. डॉक्टर आधी तेच विचारतील. थोड्या वेळात बोलणं आपोआप सुधारलं तरी नेणं टाळू नका.